गावात १४ कॅन्सर-मृत्यू: हा आकडा जास्त आहे का, हे आधी कसं ठरवायचं?

तासगाव तालुक्यातल्या एका गावचे तरुण ग्रामपंचायत सदस्य विचारतात: “आमची वस्ती ४,२०० आहे. गेल्या तीन वर्षांत गावातली १४ माणसं कॅन्सरने गेली. कुणी म्हणतं द्राक्षांवरच्या फवारण्यांमुळे, कुणी म्हणतं विहिरीच्या पाण्यामुळे. मी बी.एस्सी. झालोय, आकडेमोड जमते. कारण सिद्ध कसं करायचं?”

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि तुम्ही दुसऱ्यापासून सुरुवात केली आहे. ‘कशामुळे’ हा दुसरा. पहिला म्हणजे ‘१४ हे खरंच जास्त आहेत का?’ हा प्रश्न गावात काढला की लोक चिडतात, याचा मला अनुभव आहे. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्यापुढे सरासरीची भाषा काढणं बरं दिसत नाही. पण पहिल्याचं उत्तर नसताना दुसऱ्याच्या मागे धावलेली गावंही मी पाहिली आहेत. पेपरात बातमी येते, पाण्याचे नमुने जातात, अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा येतो, त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही आणि दोन महिन्यांत सगळं थंड होतं.

मी मिरजेकडे सत्तावीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवसंख्याशास्त्र शिकवलं. डॉक्टर नाही मी. मुलं मला ‘गणिताच्या मॅडम’ म्हणायची, तेच बरोबर आहे. त्यामुळे उपचारांबद्दल बोलणार नाही, मोजणीबद्दल सांगते.

सगळ्यात ढोबळ हिशेब आधी करू. २०२२ साली भारतात कॅन्सरने सुमारे ९ लाख १७ हजार माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. लोकसंख्येने भागलं की लाखामागे वर्षाला साधारण ६५ येतात. त्या दराने ४,२०० वस्तीत वर्षाला २.७, म्हणजे तीन वर्षांत ८.२ मृत्यू अपेक्षित. तुमच्याकडे १४. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. बहुतेक जण इथवर येतात आणि थेट मोर्चाची तारीख ठरवतात.

वर्गात मी शाळूचं उदाहरण द्यायचे. अंगणात खडूने सारखे चौकोन आखायचे आणि डोळे मिटून मूठभर शाळू उधळायचा. सगळ्या चौकोनांत सारखे दाणे पडतात का? एखाद्यात एकही नसतो, एखाद्यात सात-आठ असतात. आता त्या सात-आठवाल्या चौकोनाभोवती उभं राहून ‘इथे कुणी मुद्दाम ओतले?’ असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं? मृत्यूंचंही थोडंफार तसंच. सरासरी ८.२ असली म्हणून दर गावात दर तीन वर्षांनी मोजून आठच माणसं जात नाहीत. क्वचित घडणाऱ्या घटनांची शक्यता काढायचं पॉयसनचं सूत्र तुम्ही शिकला असाल. सरासरी ८.२ असताना निव्वळ योगायोगाने १४ किंवा त्याहून जास्त मृत्यू होण्याची शक्यता त्या सूत्राने सुमारे ४ टक्के येते. फारच कमी आहे, असं वाटेल. पण सांगली जिल्ह्यात सातशेच्या घरात गावं आहेत. सगळी तुमच्या गावाएवढी आहेत असं हिशेबापुरतं धरा. मग कुठलंही खास कारण नसताना त्यांतल्या अठ्ठावीसेक गावांत असा आकडा निघेल. आणि मला प्रश्न विचारणारा माणूस नेमका त्याच अठ्ठावीसांतला असणार. उरलेल्या पावणेसातशे गावांतून ‘आमच्याकडे सगळं नेहमीसारखं आहे हो’ असं सांगायला कोण येतंय?

तुमचे १४ म्हणजे योगायोगच, असं मी म्हणत नाहीये. हा आकडा एकटा उभा राहू शकत नाही, एवढंच.

चढउतार हा दोष नसून निसर्गाचा धर्म आहे, हे पटायला जड जातं. आपल्याच भागातलं नाव सांगते. खटाव तालुक्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे पुढे अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. भुकेच्या मोजमापाबद्दल त्यांचा आग्रह असा होता की निरोगी माणसाचं खाणं आणि गरज दिवसागणिक कमीजास्त होत असते. सरासरी गरजेच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी, असं मोजलं तर भुकेल्यांचा आकडा फुगतो. त्यांच्या या मांडणीवर कडक टीकाही झाली, अजून होते. पण सरासरीपासून हललेला प्रत्येक आकडा म्हणजे बिघाड नव्हे, ही सवय मला तरी त्यांच्या लेखनातून लागली.

आता वयाकडे येऊ. तुमच्या प्रश्नात वयाचा उल्लेखच नाही, आणि सगळ्यात मोठी गोम बहुतेक तिथेच आहे. कॅन्सर मुख्यतः उतारवयाचा आजार. देशाची सरासरी काढताना त्यात तरुण बिहारही येतो. आपल्याकडची गावं तशी राहिलेली नाहीत. पोरं पुण्याला, मुंबईला, आखातात; घरी आई-वडील आणि मळा. म्हणून मी एक हिशेब करून दाखवते. यातले वयाप्रमाणेचे दर मी उदाहरणासाठी गोल करून धरले आहेत, ते कुठल्या अहवालातले नाहीत. पण देशाच्या वयोरचनेला लावले तर एकूण दर ६२च्या आसपासच येतो, म्हणजे वरच्या ढोबळ आकड्याशी जुळतो. तिशीच्या आतल्यांत लाखामागे वर्षाला ५ मृत्यू, ३० ते ५९ वयात ७०, आणि साठीपुढे ३३०. समजा तुमच्या ४,२०० माणसांत तिशीच्या आतली १,७००, मधल्या वयाची १,७५० आणि साठीपुढची ७५० आहेत. तिन्ही गटांचे अपेक्षित मृत्यू वेगळे काढून बेरीज केली की वर्षाला ३.८, तीन वर्षांत ११.४ येतात. गाव तेच, माणसं तीच, पण अपेक्षित आकडा ८.२ वरून ११.४ वर गेला. १४ भागिले ११.४, म्हणजे १.२३. पावणेदोन पटीचा आकडा सव्वापटीच्याही आत आला. शिवाय १४ हा आकडाच इतका लहान की त्याच्यामागचा खरा दर ७.७ ते २३.५ मृत्यूंच्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणजे गुणोत्तर ०.६७ ते २.०७. एकाच आकड्यात ‘कमी’ही बसतं आणि ‘दुप्पट’ही बसतं.

इथे तुम्ही मला अडवायला हवं. दर देशाचे का लावले? खेड्यात कॅन्सरचं प्रमाण शहरापेक्षा कमी आढळतं, आणि हे सिद्ध करणारी नोंदणी आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलीच. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालते, देशातली ग्रामीण भागातली पहिली. तिथले दर मुंबईच्या दरांपेक्षा बरेच खाली असतात. बार्शीसारखे दर लावले तर तुमचा अपेक्षित आकडा ११.४ च्या खाली येईल आणि १४ पुन्हा जास्त दिसू लागतील. मग खरं काय? ते तुमचं गाव कशासारखं आहे यावर अवलंबून. तंबाखू किती, वय किती, दवाखाना किती जवळ. मिरज तासाभराच्या अंतरावर असलेल्या गावात निदानच जास्त होतं. आडबाजूच्या वस्तीत तोच म्हातारा ‘खंगून गेला’ म्हणून नोंदला जातो. म्हणून मी एक अपेक्षित आकडा कधीच देत नाही. दोन देते, एक वरच्या दराने, एक खालच्या. दोन्हींवर १४ जास्त ठरत असतील तर मी खुर्चीत सरसावून बसते.

आतापर्यंत फक्त छेदाबद्दल, म्हणजे ज्याने भागायचं त्या अपेक्षित आकड्याबद्दल बोलले. अंशाचं, म्हणजे त्या १४ नावांचं, दुखणं याहून जुनं आहे.

यातली माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीत नवी होते तेव्हा कृष्णाकाठच्या एका गावच्या ग्रामपंचायतीची मृत्यू नोंदवही घेऊन बसले. पाच वर्षांचे मृत्यू कारणाप्रमाणे लावले, तर कॅन्सरचा वाटा डोळ्यात भरावा इतका निघाला. तक्ता करून मोठ्या उत्साहाने विभागातल्या ज्येष्ठ सरांकडे नेला. त्यांनी चष्मा वर करून एकच विचारलं, “बाकीची माणसं मेली कुठे?” मला प्रश्नच कळला नाही. कळायला आठवडा गेला. आपल्याकडे मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, जिथे मरतो तिथे होते. हार्ट अटॅकवाला मिरजेला नेताना किंवा नेल्यावर जातो, अपघातवाला तसाच. त्यांची नोंद महापालिकेत. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मात्र डॉक्टर सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ तो घरच्या खाटेवर जातो आणि गावच्या वहीत येतो. म्हणजे गावची वही कॅन्सरचे मृत्यू राखून ठेवते आणि बाकीचे गळू देते. मग टक्केवारीत कॅन्सर फुगणारच. माझा तक्ता बरोबर होता, बेरजाही बरोबर होत्या. निष्कर्ष साफ चुकला होता.

तुमचे १४ वहीतून आले की चर्चेतून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चर्चेतून आले असतील तर उलट भीती: लोकांना आठवतात ती माणसं तरुण, ओळखीची, हळहळ लावून गेलेली. मळ्यात एकटी राहणारी ऐंशी वर्षांची आजी चर्चेत येत नाही.

नोंदीतल्या कारणावरही फार विसंबू नका. देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकालाच डॉक्टरने दिलेलं कारणाचं प्रमाणपत्र असतं. घरी झालेल्या मृत्यूचं कारण बहुतेक वेळा भावकीतला कुणीतरी सांगतो आणि ग्रामसेवक लिहून घेतो. ‘वृद्धापकाळ’, ‘हार्टफेल’, ‘ताप’. ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे तर कारणच नव्हे; हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. उलट बाजूने ‘गाठ झाली होती’ म्हटलं की गाव त्याला कॅन्सर समजतं, आणि काही घरं खरा कॅन्सर ‘मोठा आजार’ एवढ्यावर झाकून ठेवतात.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या हातातला आहे. मृत्यूनंतर घरच्यांशी बोलून कारण ठरवण्याच्या पद्धतीला शाब्दिक शवचिकित्सा म्हणतात. शब्द भीतीदायक आहे, दारात उभं राहून उच्चारू नका. देशातल्या मृत्यूंच्या कारणांचा मोठा अभ्यास, दहा लाख मृत्यूंचा, याच रीतीने झाला. त्यातून २०१०च्या कॅन्सर-मृत्यूंचा जो अंदाज आला, त्यात ३० ते ६९ वयातल्या पुरुषांमधले ४२ टक्के कॅन्सर-मृत्यू तंबाखूशी निगडित कॅन्सरचे होते, त्याच वयातल्या, स्त्रियांमधले १८ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नुकताच मृत्यू झालेल्या घरी जायचं ते तेराव्याच्या आत नाही. महिना-दीड महिना जाऊ द्या, पण वर्षभर थांबू नका. सोबत आशाताई असाव्यात. बायकांच्या आजारांबद्दल घरातल्या बाया तुमच्याशी बोलणार नाहीत, त्यांच्याशी बोलतील. पहिला प्रश्न नेहमी उघडा: ‘काय झालं होतं, तुम्हीच सांगा.’ मध्ये बोलू नका. मग विचारा: तुकडा काढून तपासला होता का? केमो झाली? शेक दिले? कुठे? आणि फाइल मागा. प्रत्येक घरात ती प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटावर किंवा ट्रंकेत असते, जन आरोग्य योजनेच्या कागदांसकट. त्या फाइलमधला तुकड्याच्या तपासणीचा एक कागद माझ्या दृष्टीने गावातल्या शंभर मतांच्या वर. प्रत्येक नावापुढे लिहा: कागदाने पक्का, सांगण्यावरून बहुधा, संशयित. १४ पैकी पक्के किती उरतात ते बघा. माझ्या अनुभवात पहिल्या यादीतली दोन-चार नावं तरी गळतात, आणि तेवढीच, कुणाला न आठवलेली, नव्याने सापडतात.

आता गावातला कोण आणि बाहेरचा कोण. तुमच्या शेजारच्या विटा-खानापूरकडचे गलाईवाले घ्या. उभी हयात सोन्या-चांदीच्या भट्टीपुढे, आम्लाच्या वाफेत, कुठे केरळात, कुठे पंजाबात काढतात आणि आजारी पडले की गावी येतात. साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत मुंबईच्या गिरणीतून परत आलेले म्हातारे असायचे. अशा माणसाचा मृत्यू गावात झाला, पण त्याचा कॅन्सर गावच्या विहिरीने दिला का? बायकांचं तर आणखी गुंतागुंतीचं. लग्न होऊन आलेली सून वीस वर्षं माहेरचं पाणी प्यालेली असते. आणि तुमच्या गावच्या लेकी, ज्या वीस-बावीस वर्षं तुमच्याच विहिरीवर वाढल्या, त्या सासरी आहेत. तिथे त्यांना काही झालं तर तुमच्या यादीत त्या येतच नाहीत. पाण्यावर संशय असेल तर माहेरवाशिणींची चौकशी केल्याशिवाय तो अभ्यास अर्धाच. हे मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलं नाही, एका गावात वाटीतला चहा बशीत ओतता ओतता एक म्हातारी मला म्हणाली, “आमच्या पोरींचं कोण इचारणार?” तेव्हा सुचलं.

म्हणून १४ पैकी प्रत्येकाचं वय, लिंग, व्यवसाय, तंबाखू-मिश्री-दारू, गावात किती वर्षं राहिला, पाणी कुठलं, फवारणी स्वतः करायचा का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅन्सर कशाचा, हे लिहा.

कशाचा, यावर थोडं थांबते. कॅन्सर हा एक आजार नाही. तोंडाचा, अन्ननलिकेचा, गर्भाशयमुखाचा, स्तनाचा, रक्ताचा, यांची कारणं वेगवेगळी. १४ मध्ये पाच तोंडाचे, दोन अन्ननलिकेचे, दोन गर्भाशयमुखाचे, दोन स्तनाचे, दोन फुप्फुसाचे, एक यकृताचा असा सरमिसळ ढीग निघाला, तर एका विहिरीने किंवा एका औषधाने हे सगळं केलं असणं अवघड. तो ढीग आपल्या भागातला नेहमीचाच आहे आणि त्यातला मोठा वाटा तंबाखूच्या पुडीतून येतो. वरचे ४२ टक्के आठवा. याउलट १४ पैकी सहा रक्ताचे किंवा लसीका ग्रंथींचे (लिम्फोमा) निघाले, किंवा पाच जण चाळिशीच्या आतले निघाले, तर एकूण आकडा १४ ऐवजी ९ असता तरी मी तुम्हाला आजच फोन करा म्हटलं असतं. दुर्मिळ प्रकार, अवेळी वय, एकच व्यवसाय, या तीन गोष्टी मी बेरजेच्या आधी बघते.

फवारण्यांबद्दल मला तुमच्या गावकऱ्यांना मूर्खात काढायचं नाही, कारण ते नाहीत. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संशोधन संस्थेने लिंडेन या कीटकनाशकाला मानवात कॅन्सर करणारं म्हणून नोंदवलं. मॅलॅथिऑन, डायझिनॉन ही कीटकनाशकं आणि तणनाशक ग्लायफोसेट यांना ‘बहुधा करणारं’ या गटात टाकलं. त्यामागचे माणसांवरचे पुरावे मुख्यतः लसीका ग्रंथींच्या कॅन्सरकडे बोट दाखवतात. मॅलॅथिऑनच्या बाबतीत प्रोस्टेटकडेही, डायझिनॉनच्या बाबतीत फुप्फुसाकडेही. म्हणजे शंका रास्त आहे, पण ती ठरावीक कॅन्सरांबद्दल आहे. तोंडाच्या कॅन्सरचं खापर फवारणीवर फोडलं तर कंपनीचा वकील एका वाक्यात तुम्हाला घरी पाठवेल.

दुसरं, काळ. आज संसर्ग, उद्या ताप, असं कॅन्सरचं नसतं. बहुतेक घट्ट गाठींच्या कॅन्सरला कारणापासून निदानापर्यंत दहा-वीस वर्षं लागतात. रक्ताचा कॅन्सर लवकर, काही वर्षांत येऊ शकतो. हिरोशिमात तोच आधी वाढला, बाकीचे मागून. म्हणून ‘चार वर्षांपूर्वी नवं औषध आलं आणि तेव्हापासून’ हा युक्तिवाद सहसा टिकत नाही. पण हाच मुद्दा उलटाही लागतो. तुमच्या तालुक्यात द्राक्षबागा काल-परवा आल्या नाहीत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उघड्या अंगाने, तोंडाला काही न बांधता पंप पाठीवर मारणाऱ्या माणसाचा हिशेब आज पुढे येऊ शकतो. तेव्हा आजचं नाही, त्या काळचं औषध शोधा. जुन्या कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारा, बागाईतदाराच्या जुन्या वह्या बघा.

पाण्याचं मी चटकन सांगते, कारण त्यात वाद नको. तपासून घ्या. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, जिवाणू. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आर्सेनिक ०.०१ पेक्षा. उसाच्या आणि बागांच्या खताखाली असलेल्या विहिरीत नायट्रेट वाढलेलं सापडणं नवलाचं नाही, आणि सापडलं तर ते तान्ह्या बाळांसाठी म्हणून आधी सुधारायचं. त्यासाठी कॅन्सर सिद्ध व्हायची वाट कशाला बघायची? आणि पाणी खराब निघालं म्हणून १४ मृत्यूंचं कारण सापडलं, असंही समजू नका.

इथवरचं थोडक्यात: तुमचा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही आणि सिद्ध करण्यासारखाही नाही, वय धरलं की तो बराच खाली येतो, कुठला दर लावता यावर वरखाली होतो, आणि एकूण बेरजेपेक्षा प्रकार, वय आणि व्यवसाय यांतला सारखेपणा जास्त बोलतो.

आता काय करायचं. नमुना निवडायची गरज नाही, ४,२०० माणसं म्हणजे आठ-नऊशे घरं. आठ मुलं-मुली आणि तुमच्या चार आशाताई असतील तर चार रविवारांत संपतं. आशांच्या कुटुंब नोंदवहीतून वयानुसार लोकसंख्या मिळेल, तिच्यावरून तुमचा छेद निघेल. मृत्यूंसाठी प्रत्येक घरात कॅन्सर विचारू नका. ‘गेल्या पाच वर्षांत घरातलं कोण कोण गेलं’ असं विचारा, सगळ्या कारणांचं. दोन फायदे. एक, कॅन्सरचा शोध घेताय हे कळल्यावर लोक कॅन्सरच सांगायला लागतात, ते टळतं. दुसरा, एकूण मृत्यू मोजून तुमचीच मोजणी तपासता येते. राज्याचा ढोबळ मृत्युदर हजारी सहाच्या आसपास असतो. तुमच्या गावाला त्या हिशेबाने वर्षाला पंचवीसेक मृत्यू, वयस्कर गाव म्हणून थोडे जास्तच. तुमच्या वहीत वर्षाला बाराच निघाले तर गाव निरोगी नाही, वही अपुरी आहे.

तीन वर्षं ऐवजी पाच का? कारण तीन तुम्ही निवडली नाहीत, घटनांनी निवडली. पहिला हळहळ लावणारा मृत्यू झाला तिथून गावाची मोजणी सुरू झाली. दाणे पडल्यावर खडूने चौकोन आखल्यासारखं ते. पाच पूर्ण वर्षं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. आणि त्याहून चांगलं म्हणजे येत्या १ जानेवारीपासून पुढची पाच वर्षं मोजत राहायचं. गाव खरंच वेगळं असेल तर पुढेही आकडा वर राहील. योगायोग असेल तर आपसूक खाली येईल. ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी आणि तिला पैसा लागत नाही, फक्त दम लागतो. शिवाय शेजारची, तेवढ्याच वयाची पण द्राक्षबागा नसलेली दोन गावं त्याच वहीत घ्या. त्यांचे मृत्यू मोजल्याशिवाय तुमच्या मृत्यूंना अर्थ येत नाही.

फवारणीचा संशय पुसायचा किंवा पक्का करायचा असेल तर १४ मेलेल्यांवर तो अभ्यास होणार नाही, कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ आणा. त्याला तालुका घ्यावा लागेल, दहा वर्षांचे लसीका ग्रंथींचे आणि रक्ताचे सगळे रुग्ण, आणि त्यांच्याच वयाचे पण ते आजार नसलेले लोक, आणि दोघांनाही फवारणीचा तोच प्रश्न. हे एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसीन विभागाचं काम. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवे असतात, तिथे जा. तुमच्याकडून मात्र आज होण्यासारखं दुसरं आहे. गावातले जिवंत फवारणीवाले मोजा. किती जणांना फवारणीनंतर मळमळ, घाम, डोळ्यांची आग, धूसर दिसणं होतं. मास्क-हातमोजे किती वापरतात. मोकळे डबे कुठे जातात, त्यात पाणी भरतं का कुणी. याला वीस वर्षं थांबावं लागत नाही, आणि काही निघालं तर त्याच आठवड्यात बदलता येतं.

एक काळजीचं. यादी ग्रामसभेत वाचू नका, मोबाइलवर फिरवू नका. मला आठवणाऱ्या एका गावाला पेपरने ‘कॅन्सरचं गाव’ म्हटलं आणि पुढची दोन वर्षं तिथल्या ठरलेल्या सोयरिकी मोडत राहिल्या. शेवटी लोकांनी आरोग्य खात्याच्या पोरींनाही दारात उभं करायचं बंद केलं. नावांऐवजी क्रमांक टाका, नावांची वही एकाच्याच घरी, कुलपात. वस्त्यांचा नकाशा करायचा तर घरांवर ठिपके नकोत, वाड्या-वस्त्यांप्रमाणे आकडे.

पहिली पन्नास घरं झाली की थांबा आणि त्या पानांचा फोटो, नावं झाकून, इथेच टाका. कुठला रकाना रिकामा राहतोय ते पन्नास घरांत कळतं, नऊशे झाल्यावर कळून उपयोग नाही. तंबाखूचा रकाना बहुतेक रिकामा येईल, विशेषतः बायकांचा. तिथे ‘तंबाखू खाता का’ ऐवजी ‘दात कशाने घासता’ असं विचारून बघा.